बुरखा, घुंगट आणि मतदान केंद्र: चेहरा कोणी बघायचा, कुठे बघायचा

निवडणूक जवळ आली की बुरख्याचा वाद दर वेळी नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, बुरख्याआडून बोगस मतदान होतं. दुसरी म्हणते, ओळखीच्या नावाखाली बायकांची अप्रतिष्ठा होते. या सगळ्यात केंद्राध्यक्षांचं, म्हणजे केंद्राच्या प्रमुख अधिकाऱ्याचं, हस्तपुस्तक मात्र कोणी उघडत नाही, आणि उत्तर तिथेच छापलेलं आहे. चेहरा बघितल्याशिवाय मत नाही. पण तो कोणी आणि कुठे बघायचा हे ठरलेलं आहे. केंद्रावर भांडणं होतात ती बहुतेक या 'कोणी' आणि 'कुठे'ची तयारी आदल्या दिवशी न केल्यामुळे.

सुरुवात कपड्यांपासून करू, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो. डोक्याला रुमाल आहे, चेहरा उघडा आहे, तर वेगळं काहीही करायचं नसतं. मतदार यादीतल्या फोटोशी चेहरा ताडायचा आणि पुढच्या टेबलाकडे पाठवायचं. कान दिसत नाहीत म्हणून रुमाल सोडायला लावणारे अतिउत्साही कर्मचारी असतात. तसं कुठल्याही सूचनेत नाही. प्रश्न येतो तो नकाबाचा. एकपदरी नकाब वर उलटायला दोन सेकंद लागतात. मागे गाठ मारलेला, वरून पिना लावलेला नकाब सोडून परत बांधायला अर्धं मिनिट सहज जातं. राजस्थान-हरियाणातला घुंगटही याच हिशोबात येतो. निवडणूक आयोगाच्या सूचनांमधला 'पर्दानशीन' (पडद्यात राहणारी) हा शब्द दोघींना लागू आहे, धर्माचा उल्लेख त्यात नाही. पुण्यात डोळ्यांपुरती फट ठेवून स्कार्फ गुंडाळलेली स्कूटीवरची मुलगी केंद्रात शिरताना आपणहून स्कार्फ सोडते, तिच्यावर चर्चासत्रं होत नाहीत. २०२० ची बिहार विधानसभा निवडणूक कोविडमध्ये झाली, तेव्हा तर प्रत्येक मतदाराचं तोंड झाकलेलं होतं. सूचना एका ओळीची होती: सांगितल्यावर ओळखीसाठी मास्क खाली घ्यावा.

कायद्याची बाजू थोडक्यात. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला ४९-एच हा नियम ओळख पटवण्याचा. मतदार आत आला की नाव आणि तपशील यादीशी ताडायचे, अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने पुकारायचं. त्याच्या आधीचा ४९-जी महिला मतदारांच्या सोयीचा: मदतीसाठी एखाद्या स्त्रीला परिचर म्हणून नेमण्याचा अधिकार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला आणि खुद्द केंद्राध्यक्षालाही आहे. पर्दानशीन मतदारांची ओळख महिला कर्मचाऱ्यांनी पटवावी, या व्यवस्थेसाठी आयोग आजही १९९४ च्या, म्हणजे टी. एन. शेषन यांच्या काळातल्या सूचनांकडे बोट दाखवतो. २०२५ च्या बिहार निवडणुकीआधी मुख्य निवडणूक आयुक्त ज्ञानेश कुमार यांनी केंद्रांवर अंगणवाडी सेविका असतील असं सांगितलं, तेव्हा काहीतरी नवंच आल्यासारख्या बातम्या झाल्या. तसं नवं त्यात फार नव्हतं.

यादीत फोटो छापण्यालाच हरकत घेणारी याचिका मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये फेटाळली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी २०१० मध्ये सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या खंडपीठाने सुनावणीत तोंडी सुनावलं की चेहरा दाखवायचाच नसेल तर मतदानाला जाऊ नका. हे वाक्य अजूनही दोन्हीकडचे फेकत असतात. ते युक्तिवादाच्या ओघात आलेलं होतं. केंद्रावरची पद्धत त्याच्याही आधीपासून चालत आलेली आहे आणि त्यानंतर बदललेली नाही.

आता प्रत्यक्ष खोलीत काय करायचं. पर्दानशीन मतदार मोठ्या संख्येने असतील तिथे त्यांची ओळख पटवायला आणि बोटाला शाई लावायला महिला मतदान अधिकारी हवी, आणि हे काम वेगळ्या आडोशात, त्यांचा खासगीपणा आणि प्रतिष्ठा राखून व्हावं, असं हस्तपुस्तक सांगतं. आडोशासाठी पैसे खर्च करू नका, स्थानिक पातळीवर मिळेल ते, म्हणजे खाटा, कापड असलं काही वापरा, हेही तिथेच आहे. सरकारी पुस्तकातली ही एक अतिशय शहाणी ओळ आहे.

शाळेच्या वर्गात हे असं जमतं: एक जाड चादर, सुतळी, खिडकीचा गज आणि समोर उभं केलेलं एखादं कपाट किंवा आडव्यावर आडवा ठेवलेला बाक. चादर गडद घ्यावी. पांढरी चादर खिडकीच्या उजेडासमोर आली की आतली आकृती बाहेर स्पष्ट दिसते आणि आडोशाचा अर्थच संपतो. उंची सहा फुटांच्या खाली नको. जागा पहिल्या आणि दुसऱ्या टेबलाच्या मध्ये, भिंतीकडेला. मतदान कक्षाच्या मागे किंवा शेजारी कधीच नको, कारण तिथून दुसऱ्याचं मतदान दिसू शकतं आणि मग गुप्ततेची तक्रार येते. आत उजेड हवा. बल्ब नसलेल्या कोपऱ्यात आडोसा केला की अधिकारी बाई कार्ड घेऊन उजेडात येते, परत आत जाते, आणि प्रत्येक मतदारामागे वेळ दुप्पट होतो. अभिरूप (चाचणी) मतदानाच्या गडबडीत पहाटे हे सुचत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी टेबलं लावतानाच करून टाकावं.

सगळ्यात मोठी चूक मात्र चादरीची नसते, टेबलांची असते. केंद्राध्यक्षाखाली सहसा तीन मतदान अधिकारी. पहिल्याकडे मतदार यादीची मार्क्ड कॉपी (आलेल्याच्या नावावर खूण करायची प्रत) आणि ओळख, दुसऱ्याकडे शाई, १७-ए नोंदवही (मतदारांच्या सह्यांची) आणि मतदार चिठ्ठी, तिसऱ्याकडे मतदान यंत्राचं कंट्रोल युनिट. पथकात एकच बाई असेल तर तिला हमखास शाईची बाटली मिळते, आणि यादी 'जबाबदारीचं काम' म्हणून पुरुषाकडे. मालेगाव, भिवंडी, मुंब्रा, नागपाडा अशा भागांत ही वाटणी पहिल्या तासातच अंगाशी येते: यादी पुरुषाच्या हातात, चेहरा बघायचा बाईने, मधे कार्डाची ने-आण. बाईला पहिल्या टेबलावर यादीपाशी बसवा. समोर बाई दिसली की बऱ्याचशा मतदार उमेदवारांच्या प्रतिनिधींकडे (पोलिंग एजंटांकडे) पाठ करून तिथेच नकाब उचलतात आणि खाली सोडतात. आडोशाची गरज मग उरलेल्यांनाच पडते.

पथकात बाई नसेलच तर साहित्य वाटपाच्या ठिकाणीच झोनल अधिकाऱ्याला सांगून राखीव कर्मचाऱ्यांतून बदली मागावी. नाहीच मिळाली तर ४९-जी खाली परिचर नेमता येते. अंगणवाडी सेविका, आशा, शाळेतली शिक्षिका, कोणीही चालेल. फक्त उमेदवाराचं काम करणारी नको. परिचर चेहरा बघून सांगते, निर्णय केंद्राध्यक्षाचा. वस्तीतल्याच बाईला नेमण्यात दोन्ही बाजू आहेत. ती चेहऱ्याने सगळ्यांना ओळखते, हा फायदा. आणि ती कोणत्या घरातली आहे हे प्रतिनिधींनाही ठाऊक असतं, त्यामुळे तिच्या निःपक्षपातीपणावर शंका निघते. नेमणूक लेखी करावी, केंद्राध्यक्षाच्या डायरीत नोंदवावी.

ताडणी करताना प्रश्न मतदार बाईलाच विचारायचे. नाव काय, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव काय, घर क्रमांक किंवा गल्ली कोणती. सोबतचा नवरा किंवा दीर मधे उत्तर देत असेल तर त्याला रांगेत पुढे काढावं. 'ही माझी बायको, मी सांगतो ना' हा ओळखीचा पुरावा होत नाही. फोटो बहुतेक वेळा जुना असतो. वजन, वय, चष्मा यांवर जाऊ नये; नाकाची ठेवण, हनुवटी, भुवया, तीळ किंवा व्रण यांवर नजर ठेवावी. नावात 'बी', 'बानो', 'खातून', 'शेख' इकडचं तिकडे झालेलं असतं, लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं. ओळख पक्की असेल तर लेखनाच्या किरकोळ चुका सोडून द्यायच्या. फोटोच जुळत नसेल तर मतदार ओळखपत्राऐवजी आयोगाने मान्य केलेल्या बारा कागदपत्रांतलं एक मागायचं: आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगा जॉब कार्ड वगैरे. रेशन कार्ड त्या यादीत नाही, आणि पक्षाच्या कार्यकर्त्याने दिलेली स्लिप तर मुळीच नाही. गैरहजर-स्थलांतरित-मृत यादीत नाव असलेली मतदार आली तर केंद्राध्यक्षाने स्वतः कागद तपासायचे, सहीबरोबर अंगठाही घ्यायचा.

वेळेचा हिशोब करून बघा. एका केंद्रावर १२०० मतदार, मतदान ६० टक्के, म्हणजे ७२० जणी-जण. सकाळी ७ ते संध्याकाळी ६ म्हणजे ६६० मिनिटं. माणशी पंचावन्न सेकंद. त्यातच ओळख, सही, शाई, बटण, व्हीव्हीपॅटवर मताची चिठ्ठी दिसण्याची सात सेकंदं. पहिल्या टेबलावर एका मतदाराला दीड मिनिट लागू लागलं की बाहेरची रांग फाटकापर्यंत जाते आणि मग 'मुद्दाम उशीर करतात' हा आरोप तयारच असतो. उपाय सोपा आहे. रांगेतच, दाराच्या आत येण्याआधी, परिचरेने सांगायचं: कार्ड हातात ठेवा, पिन सैल करा, हातमोजा काढून ठेवा. पुरुषांची आणि बायकांची रांग वेगळी असतेच. एका पुरुषामागे दोन बायका सोडण्याची रीत इथे उपयोगी पडते.

हातमोज्याचं कोणाच्या लक्षात येत नाही. डावी तर्जनी बघणं हा ओळखीइतकाच महत्त्वाचा टप्पा. आधीची खूण असेल किंवा बोट दाखवायला नकार असेल, तर मत देता येत नाही. तेल किंवा चिकट काही लावलेलं असेल तर फडक्याने पुसून मग शाई लावायची. मेंदी असली तरी अडत नाही, कारण शाई नखाच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत ओढायची असते आणि नखावर ती ठळक राहते. सही करायच्या आधी शाई लावली की तेवढ्या वेळात ती सुकते. मोजा लगेच चढवू देऊ नये, ओली शाई मोज्याला लागून जाते. एकाच बाईने दोनदा मत देण्याची भीती ज्यांना वाटते, त्यांनी नकाबापेक्षा या बोटाकडे जास्त लक्ष द्यावं असं आमचं मत आहे. चेहरा जुळवताना माणूस चुकू शकतो, ताज्या शाईच्या बाबतीत तेवढी जागा नसते.

आता पोलिंग एजंट. खरा पेच इथे आहे आणि तो कोणी नीट मांडत नाही. पहिल्या टेबलावर ओळख पटत असताना मतदाराचा चेहरा प्रतिनिधींना दिसावा, म्हणजे त्यांना आक्षेप घेता येईल, अशी बसण्याची व्यवस्था करावी असं हेच हस्तपुस्तक सांगतं. आणि तेच आडोसाही करायला सांगतं. चादरीमागचा चेहरा पुरुष एजंटला दिसणार नाही, हे उघड आहे. पण आक्षेपाचा अधिकार त्याने संपत नाही. नियम ४९-जे खाली प्रत्येक आक्षेपाला दोन रुपये रोख केंद्राध्यक्षाकडे भरायचे. हो, दोन रुपये. महागाईने हा आकडा शिवलेला नाही. मग केंद्राध्यक्ष मतदाराला तोतयेगिरीच्या शिक्षेची जाणीव देतात, यादीतली नोंद पूर्ण वाचून 'ही तुम्हीच का' असं विचारतात, नमुना १४ मध्ये नाव-पत्ता लिहून सही घेतात आणि तिथल्या तिथे चौकशी करतात. आक्षेप सिद्ध करायची जबाबदारी आधी घेणाऱ्याची. 'बुरख्यात आहे, म्हणून संशय' हा पुरावा नव्हे. 'या नावाची बाई दोन वर्षांपूर्वी वारली, हा दाखला' हा पुरावा. आक्षेप टिकला नाही तर बाई मत देते. आणि तो उगाच, वाईट हेतूने घेतलेला ठरला तर दोन रुपये सरकारजमा. टिकला तर मत नाही आणि पोलिसांकडे लेखी तक्रार. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७४ प्रमाणे तोतया मतदानाला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

ज्या पक्षांना बुरख्याची एवढी चिंता आहे त्यांनी त्या केंद्रांवर महिला प्रतिनिधी नेमावी. उमेदवाराला एका केंद्रासाठी एक प्रतिनिधी आणि दोन बदली प्रतिनिधी देता येतात, एका वेळी आत एकच. तिघांत एक बाई ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. तरीही निवडणुकीआधी निवेदनं देणाऱ्या पक्षांच्या खुर्च्यांवर मतदानाच्या दिवशी तिन्ही पाळ्यांना पुरुषच दिसतात.

उमेदवाराला केंद्रात जाता येतं, पण मतदाराचं कार्ड हातात घेऊन चेहरा उघडायला सांगण्याचं काम मतदान अधिकाऱ्याचं आहे. मे २०२४ मध्ये हैदराबादच्या भाजप उमेदवार माधवी लता यांनी केंद्रावर बुरखाधारी बायकांना चेहरा दाखवायला लावून कार्डं तपासल्याची चित्रफीत पसरली आणि मलकपेट पोलिसांनी त्यांच्यावर गुन्हा नोंदवला. पोलिसांनाही हे काम दिलेलं नाही. त्यांची जागा बाहेर, केंद्राध्यक्षाने बोलावलं तरच आत. नोव्हेंबर २०२४ च्या उत्तर प्रदेशातल्या पोटनिवडणुकीत मतदारांची ओळखपत्रं तपासणारे पोलिस आयोगाच्या आदेशानंतर निलंबित झाले.

एखादी बाई महिला अधिकाऱ्यालाही चेहरा दाखवायला तयार नसेल तर? हात लावायचा नाही, कोणी नकाब ओढायचा नाही, आवाज चढवायचा नाही. शांतपणे सांगायचं की ओळख पटल्याशिवाय मत देता येणार नाही आणि विचार करायला बाजूला बसवायचं. ओळख १७-ए मधल्या सहीच्या आधी येते, त्यामुळे नोंदवहीत काही लिहायचं नसतं. डायरीत एक ओळ पुरे. बहुतेकदा हट्ट बाईचा नसतो, दाराशी उभ्या असलेल्या घरच्या पुरुषाचा असतो. त्याला शंभर मीटरच्या पलीकडे पाठवलं की प्रश्न सुटतो.

अलीकडे एक नवी गोष्ट वाढली आहे: वेबकास्टिंगचा कॅमेरा. आडोसा केला आणि कॅमेरा त्याच्या वरून बघतोय, असं होऊ शकतं. कॅमेरा बसवणारा माणूस मतदान कक्षाचा आतला भाग दिसत नाही ना एवढंच तपासतो. चादर लावल्यावर स्क्रीनवर चित्र एकदा बघून घ्यावं. पहिल्या टेबलापाशीच नकाब उचलणाऱ्या बायकांचा चेहरा चित्रीकरणात येतो, हे मात्र टाळता येणारं नाही. केंद्रावरच्या चित्रीकरणाच्या प्रती बाहेर द्याव्यात की नाही यावर आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये 'आयाबहिणींच्या' खासगीपणाचं कारण दिलं, त्यामागे ही वस्तुस्थिती होती. ते कारण पुरेसं आहे का, हा वेगळा वाद.

इतर देशांतलं घेण्यासारखं काही आहे का? ब्रिटनने २०२२ च्या कायद्याने फोटो ओळखपत्र सक्तीचं केलं आणि मे २०२३ पासून इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत ते लागू झालं. तिथे केंद्रावर चेहरा दाखवण्यासाठी एकांत जागा ठेवतात आणि सोबत आरसा देतात. लंडन-लेस्टरमध्ये राहणारे भारतीय नागरिकही राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून तिथे मत देतात, त्यांनी हे बघितलं असेल. आरसा ही बारीक गोष्ट, पण नकाब परत नीट पिनेत बसवायला तोच लागतो. आपल्याकडे चादरीमागे बाई चाचपडत बसते आणि पुढची खोळंबते. दहा-वीस रुपयांचा आरसा खिळ्याला टांगायला काय हरकत आहे? कॅनडात २००७ मध्ये उलट गंमत झाली. फोटो नसलेली कागदपत्रंही चालत होती, मग चेहरा उघडून जुळवणार कशाशी? तिथले मुख्य निवडणूक अधिकारी मार्क मेरांड यांनी कायद्यात तसं नसताना सक्ती करायला नकार दिला आणि पंतप्रधानांचा रोष ओढवून घेतला. आपल्याकडे यादीतच फोटो आहे, म्हणून हा पेच येत नाही.

आता खरीखुरी बाई आली आणि तिच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलेलं असेल तर. तिला परत पाठवायचं नाही. प्रश्न विचारून ओळख पटली की नियम ४९-पी खाली प्रदत्त मतपत्रिका द्यायची. ती कागदी असते, यंत्रावर मत नाही. फुलीच्या शिक्क्याने मत, १७-बी मध्ये नोंद आणि सही, मतपत्रिका वेगळ्या लिफाफ्यात. केंद्राला अशा वीस मतपत्रिका मिळतात. एकाच केंद्रावर, एकाच आडोशातून अशा दोन-तीन घटना निघाल्या तर समजावं की चादरीमागे कोणी बघतच नाही, नुसती ये-जा चालू आहे. केंद्राध्यक्षाने तेव्हा स्वतः लक्ष घालावं.

आणि फोटो. निम्म्या कटकटी फोटो वीस वर्षांपूर्वीचा, धुरकट असल्यामुळे होतात. यादीतल्या दुरुस्तीचा नमुना ८ भरून तो बदलता येतो, पैसे लागत नाहीत. साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, समोरून पूर्ण चेहरा. डोक्यावर रुमाल चालतो. हनुवटीपासून कपाळापर्यंत आणि दोन्ही गाल दिसले पाहिजेत. नकाबातला फोटो नाकारला जातो. पुरुष फोटोग्राफरसमोर नकाब काढायचा नसेल तर घरच्याच कोणी मोबाइलवर, खिडकीकडे तोंड करून, मागे पांढरी भिंत ठेवून काढावा. अर्ज ऑनलाइन भरता येतो. आयोगाच्या संकेतस्थळावरच्या यादीत हे फोटो दिसत नाहीत, ही शंका अनेक घरांत असते म्हणून सांगितलं. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की यादीत काही बदलत नाही, त्यामुळे नमुना ८ त्याच्या पुरेसा आधी, शक्य तर निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच, बीएलओकडे (त्या भागाची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) पोचायला हवा.